‘वरून निरोप आलाय!’

कल्पना करा. तुम्ही एका संघटनेत आहात. विद्यार्थी संघटना म्हणा, कॉलेजचं नाट्यमंडळ म्हणा, नाहीतर गल्लीतलं मंडळ. कित्येक वर्षं तुम्ही तिचं काम मनापासून केलंय आणि आता तिचे प्रमुख आहात. तुम्ही स्वतः लिहिलेलं पत्रक गेल्याच आठवड्यात सगळीकडे वाटलं गेलं. आज बैठक चालू असताना एक जण आत येतो आणि सांगतो, ‘वरून निरोप आलाय. पत्रकात लिहिलंय ते चूक आहे. उद्यापासून याच्या बरोब्बर उलटं बोलायचं.’

तुम्ही काय कराल? मान डोलवाल? भांडाल? राजीनामा फेकून बाहेर पडाल? की भांडाल, हराल आणि मग गुपचूप नव्या पत्रकाखाली सही कराल?

सप्टेंबर १९३९ मध्ये लंडनमध्ये एका माणसावर हीच वेळ आली. त्याचं नाव हॅरी पॉलिट. ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचा तो सरचिटणीस होता आणि तेव्हा त्याला त्या खुर्चीवर बसून दहा वर्षं झाली होती. त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. पण कुठल्याही झेंड्याखाली कधी उभे राहिला असाल किंवा राहायचा विचार करत असाल, तर ती माहीत असायला हवी.

गिरणीतून बॉयलरकडे

हॅरीचा जन्म १८९० चा, मँचेस्टरजवळच्या ड्रॉयल्सडेन या गिरणीवस्तीतला. वडील लोहाराच्या हाताखाली घण मारायचे, आई कापड गिरणीत विणकर. भावंडांपैकी काही जण लहानपणीच गेले. बाराव्या वर्षी हॅरी आईच्याच गिरणीत अर्धवेळ कामाला लागला, म्हणजे अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी. पंधराव्या वर्षी रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात बॉयलर बनवायचं काम शिकायला गेला. समाजवाद त्याला कॉलेजच्या लायब्ररीत भेटला नाही. आई स्वतः समाजवादी चळवळीत होती, त्यामुळे तो घरातच होता.

मे १९२० मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया डॉकमध्ये ‘जॉली जॉर्ज’ नावाचं जहाज उभं होतं. त्यात पोलंडला जाणारी शस्त्रं भरायची होती. ती क्रांतीनंतरच्या रशियाविरुद्ध वापरली जाणार होती. गोदी कामगारांनी ठाम नकार दिला. आधी कित्येक महिने गोदीच्या दारांवर पत्रकं वाटणाऱ्या आणि भाषणं ठोकणाऱ्यांमध्ये हॅरी पुढे होता. शस्त्रं शेवटी उतरवावी लागली. त्याच वर्षी ब्रिटनचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला आणि हॅरी त्यात दाखल झाला.

१९२५ मध्ये पक्षाच्या १२ नेत्यांवर खटला भरला गेला. कायदा होता १७९७ चा, सैनिकांना बंडाची चिथावणी दिल्याबद्दलचा. हॅरीचं लग्न होऊन तेव्हा काही दिवसच झाले होते. त्याच्यासह पाच जणांना १२ महिन्यांची शिक्षा झाली. उरलेल्या सात जणांना न्यायाधीशांनी पर्याय दिला : पक्ष सोडतो म्हणा आणि घरी जा. सातही जणांनी नाही म्हटलं आणि सहा महिन्यांसाठी तुरुंगात गेले.

हा किस्सा लक्षात ठेवा. ही घाबरट माणसं नव्हती. सरकारपुढे, पोलिसांपुढे, न्यायालयापुढे ‘नाही’ म्हणणं त्यांना चांगलं जमायचं. अडचण आली ती आपल्याच माणसांना ‘नाही’ म्हणायची वेळ आली तेव्हा.

खुर्ची कुणी दिली?

इथे थोडी पार्श्वभूमी हवी. १९१९ मध्ये मॉस्कोत ‘कम्युनिस्ट इंटरनॅशनल’ म्हणजेच कॉमिन्टर्न ही संस्था स्थापन झाली. वेगवेगळ्या देशांतले कम्युनिस्ट पक्ष हे स्वतंत्र पक्ष नसून या एका जागतिक पक्षाच्या शाखा आहेत, अशी तिची रचना होती. नियम साधा : निर्णय होईपर्यंत हवी तितकी चर्चा करा, निर्णय झाला की सगळ्यांनी एका सुरात बोलायचं. या धोरणाला सगळे ‘लाइन’ म्हणायचे.

१९२८-२९ मध्ये लाइन होती ‘वर्ग विरुद्ध वर्ग’. म्हणजे मजूर पक्षासारखे मवाळ समाजवादीसुद्धा शत्रूच. ब्रिटनमधल्या जुन्या नेतृत्वाला ही लाइन जड जात होती, म्हणून नेतृत्व बदललं गेलं. १९२९ मध्ये सरचिटणीस झाला हॅरी पॉलिट. म्हणजे त्याला खुर्ची मिळाली तीच मुळी मॉस्कोने लाइन बदलली म्हणून. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

या लाइनने पक्षाचं काय झालं? १९३० च्या अखेरीस सभासद उरले तीन हजारांहूनही कमी. जर्मनीत कम्युनिस्ट आणि समाजवादी एकमेकांशी भांडत राहिले आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९३५ मध्ये कॉमिन्टर्नने पुन्हा लाइन बदलली : आता फॅसिझमविरुद्ध सगळ्यांची आघाडी करायची. ही लाइन हॅरीला मनापासून पटणारी होती. बेकारांचे मोर्चे, कामगार संघटना, फॅसिस्टविरोधी सभा यांत तो रमायचा. वक्ता म्हणून जबरदस्त. खाणकामगारांपुढे बोलताना त्याला भाषा शोधावी लागायची नाही, कारण ती त्याचीच होती.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. तिथल्या निवडून आलेल्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँकोने बंड केलं आणि हिटलर-मुसोलिनीने त्याला विमानं, रणगाडे आणि माणसं पुरवली. ब्रिटनचं सरकार तटस्थ राहिलं. तेव्हा ब्रिटन-आयर्लंडमधून सुमारे अडीच हजार तरुण-तरुणी स्वतःहून तिकडे गेले. त्यांच्या बटालियनला शापूरजी सकलातवाला यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. सकलातवाला मुंबईत जन्मलेले, टाटांच्या नात्यातले आणि कम्युनिस्ट म्हणून लंडनमधून खासदार झालेले. रूढ झालं ते मात्र ‘ब्रिटिश बटालियन’ हेच नाव. यातले पाचशेहून अधिक जण परत आले नाहीत. हॅरी या मुलांना भेटायला पाच वेळा स्पेनला गेला. ज्यांना आपण पाठवलं त्यांच्यातले किती मेले हे त्याला नुसतं आकड्याने ठाऊक नव्हतं, चेहऱ्यांनी ठाऊक होतं.

रोझ

याच काळातली एक गोष्ट हॅरी जाहीरपणे कधी बोलला नाही. रोझ कोहेन ही लंडनची तरुणी पक्षाच्या पहिल्या पिढीतली. हॅरीचं तिच्यावर प्रेम होतं. त्याने तिला अनेकदा लग्नाची मागणी घातली आणि तिने दर वेळी नकार दिला. तिने कॉमिन्टर्नच्या एका अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि मॉस्कोत संसार थाटला. १९३७ मध्ये स्टालिनच्या धरपकडीत आधी तिचा नवरा आणि मग ती पकडली गेली. हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली २८ नोव्हेंबर १९३७ रोजी तिला गोळ्या घातल्या गेल्या. मागे राहिला एक लहान मुलगा.

हॅरीने मॉस्कोत खासगीत तिच्याबद्दल विचारणा केली. जाहीर निषेध मात्र ना त्याने केला, ना पक्षाने. स्पेनमधल्या अन्यायावर सभा गाजवणारा माणूस मॉस्कोतल्या अन्यायावर गप्प राहिला. का? ‘आपल्या बाजूचं’ वाईट बोललं तर शत्रूला फायदा होईल, हे उत्तर तेव्हा हजारो प्रामाणिक माणसांनी स्वतःला दिलं होतं. आजही कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये हे वाक्य ऐकायला मिळतं, नाही का?

दहा दिवसांचं पत्रक

२३ ऑगस्ट १९३९ ला जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी अनाक्रमणाचा करार केला आणि जग चक्रावलं. १ सप्टेंबरला हिटलर पोलंडमध्ये घुसला, ३ तारखेला ब्रिटनने युद्ध पुकारलं. ब्रिटिश कम्युनिस्टांनी भूमिका घेतली दोन आघाड्यांची : हिटलरविरुद्धचं युद्ध जिंकायचं आणि त्याला इतकी वर्षं चुचकारणारं चेंबरलेनचं सरकारही बदलायचं. १४ सप्टेंबरला हॅरीचं ‘युद्ध कसं जिंकायचं’ या अर्थाच्या नावाचं एक पेनी किमतीचं पत्रक बाजारात आलं. फॅसिझमविरुद्ध इतकी वर्षं जे बोललो त्याच्याशी हे सुसंगत आहे, असं त्याला वाटत होतं.

मॉस्कोत मात्र वेगळंच ठरलं होतं. ७ सप्टेंबरला स्टालिनने कॉमिन्टर्नचा प्रमुख दिमित्रोव्ह याला सांगितलं, हे भांडवलदार देशांच्या दोन गटांमधलं युद्ध आहे. म्हणजे कुणाचीच बाजू घ्यायची नाही. पत्रक निघून जेमतेम दहा दिवस झाले होते. लंडनमध्ये मध्यवर्ती समितीची बैठक चालू असतानाच डेव्ह स्प्रिंगहॉल हा पक्षाचा मॉस्कोतला प्रतिनिधी हा निरोप घेऊन येऊन थडकला. युद्ध ‘साम्राज्यवादी’ आहे, त्याला पाठिंबा द्यायचा नाही.

बैठक तहकूब झाली आणि २ व ३ ऑक्टोबरला पुन्हा भरली. नव्या लाइनचा मुख्य वकील होता रजनी पाम दत्त. केंब्रिजमध्ये जन्मलेला, वडील बंगाली डॉक्टर, आई स्वीडिश, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, पक्षातला सर्वांत तल्लख सिद्धांतकार. गंमत म्हणजे दत्त आणि पॉलिट हे जुने साथी. १९२२ पासून दोघांनी मिळून पक्षाची बांधणी केली होती. एकाकडे पुस्तकं, दुसऱ्याकडे माणसं, अशी ती जोडी. आता दोघे समोरासमोर होते. मतभेद मनात ठेवून नुसता निर्णय पाळणं पुरेसं नाही, लाइन मनापासून पटली पाहिजे, असा दत्तचा आग्रह होता. हॅरीचं म्हणणं थोडक्यात असं : आठवड्याभरात एका मतावरून दुसऱ्या मतावर सहज उडी मारू शकणाऱ्या कॉम्रेडांचा मला हेवा वाटत नाही. फॅसिझमला हरवायचंय, ही गोष्ट त्याच्यासाठी एका निरोपाने बदलणारी नव्हती.

मतदान झालं. २१ विरुद्ध ३. विरोधात हॅरी, पक्षाच्या दैनिकाचा संपादक जॉनी कॅम्पबेल आणि पक्षाचा एकुलता एक खासदार विली गॅलाकर. हॅरीचं सरचिटणीसपद गेलं आणि सूत्रं दत्तच्या हाती आली.

त्याच दिवशी, मुंबईत

आता जरा थांबा. ही गोष्ट ‘मॉस्को चूक, हॅरी बरोबर’ इतकी सरळ नाही, आणि आपल्याला तर ती तशी वाटूच नये.

दत्तच्या बोलण्यात एक मुद्दा होता, जो लंडनपेक्षा मुंबईत जास्त पटणारा होता. कोट्यवधी भारतीयांवर त्यांना न विचारता राज्य करणारा देश ‘लोकशाहीसाठी लढतोय’ कसा? ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं होतं. २ ऑक्टोबर १९३९ रोजी, म्हणजे लंडनमध्ये ती बैठक सुरू होती त्याच दिवशी, मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरोधात एक दिवसाचा संप केला. गिरणगाव बंद होतं. त्या कामगारांना मॉस्कोच्या निरोपाची गरज नव्हती, साम्राज्य म्हणजे काय ते त्यांना रोज दिसत होतं.

म्हणजे ‘हे साम्राज्यवादी युद्ध आहे’ हे एकच वाक्य लालबागमध्ये अनुभवातून येत होतं आणि लंडनमध्ये आदेशातून. वाक्य खरं की खोटं हा एक प्रश्न. ते तुम्ही का बोलताय हा दुसरा. या दोन्हींची गल्लत करू नका.

पुन्हा हातोडा

हॅरीपुढे तीन रस्ते होते. पक्ष सोडून जाहीर टीका करायची. पक्षात राहून भांडत राहायचं. किंवा मान खाली घालायची. त्याने तिसरा निवडला. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्याने आणि कॅम्पबेलने आपली भूमिका चुकीची होती, अशी लेखी कबुली दिली आणि ती पक्षाच्या दैनिकात छापून आली. मतं बदलली होती म्हणून नव्हे. पक्षाबाहेरचं आयुष्य त्याला कल्पनेतही दिसत नव्हतं. मित्र, घर, ओळख, अभिमान, स्पेनमध्ये पुरलेली पोरं, सगळं त्या एका ठिकाणी होतं.

मग तो आपल्या आत्मचरित्रावर बसला आणि ते १९४० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे हा पन्नाशीचा माणूस लंडनच्या गोदीत पुन्हा बॉयलर बनवायच्या कामावर रुजू झाला. नेतेपद गेल्यावर पूर्वीच्या कामावर परत जाऊ शकणारे नेते किती असतात? याबाबतीत त्याला मार्क द्यायलाच हवेत.

इकडे नवी लाइन लोकांच्या गळी उतरत नव्हती. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, लंडनवर बॉम्ब पडू लागले. बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी चांगले निवारे द्या, ही कम्युनिस्टांची मागणी लोकांना पटायची. युद्धाला विरोध मात्र पटायचा नाही. जानेवारी १९४१ मध्ये सरकारने पक्षाच्या दैनिकावर बंदी घातली.

२२ जून १९४१ ला हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि लाइन पुन्हा उलटली. आता हे युद्ध फॅसिझमविरुद्धचं झालं. जुलैमध्ये हॅरी पुन्हा सरचिटणीस झाला. तो ‘बरोबर होता’ म्हणून त्याला खुर्ची परत मिळाली का? नाही. मॉस्कोला आता तेच हवं होतं म्हणून मिळाली. १९३९ चा त्याचा युक्तिवाद कुणी नव्याने तपासून मान्य केला, असं काही घडलं नाही. साम्राज्यही होतं तिथेच होतं. बदललं फक्त एकच : हल्ला कुणावर झाला.

पुढची चार वर्षं हॅरीच्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी. कारखान्यांत उत्पादन वाढवा, संप टाळा, युरोपात दुसरी आघाडी उघडा, असं तो सभांमधून सांगत फिरला. रशियन सैन्याच्या पराक्रमाने ब्रिटिश जनता भारावली होती. १९४२ मध्ये पक्षाची सभासदसंख्या ५६ हजारांच्या आसपास गेली, युद्धाआधीच्या तिप्पट. १९४३ मध्ये स्टालिनने कॉमिन्टर्नच बरखास्त केलं. तो निरोप आणणारा स्प्रिंगहॉल त्याच वर्षी सरकारी गुपितं मिळवल्याबद्दल सात वर्षांसाठी तुरुंगात गेला. १९४५ च्या निवडणुकीत पक्षाचे दोन खासदार निवडून आले. हॅरी स्वतः वेल्सच्या खाणपट्ट्यात ९७२ मतांनी हरला. संसदेत तो कधीच पोहोचला नाही.

आपल्याकडेही तेच वळण

हे वळण भारतातही आलं, आणि इथे ते जास्त महाग पडलं. मुळात ब्रिटिश पक्ष आणि मुंबईची कामगार चळवळ यांचं नातं जुनं. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात त्या पक्षाने पाठवलेला बेन ब्रॅडली मुंबईत काम करत होता. १९२९ मध्ये मीरत खटल्यात तो आणि फिलिप स्प्रॅट हे इंग्रज, डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर यांच्यासोबत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ब्रिटनमधल्या दोघांनी आपल्या माणसांबरोबर तुरुंग भोगला, ही या नात्यातली उजळ बाजू.

दुसरी बाजू १९४२ ची. पूरनचंद जोशी तेव्हा भारतीय पक्षाचे सरचिटणीस होते. रशियावरच्या हल्ल्यानंतर काही महिन्यांनी भारतीय पक्षानेही ‘साम्राज्यवादी युद्ध’ बाजूला ठेवून ‘लोकयुद्ध’ ही भूमिका घेतली. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली. आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. देश एकीकडे आणि पक्ष दुसरीकडे. बंगालच्या दुष्काळात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी मदतीचं मोठं काम केलं, शेतकऱ्यांत आणि कलावंतांत त्यांनी भक्कम पाय रोवले. पण बेचाळीसला तुम्ही कुठे होतात, हा प्रश्न त्यांची पाठ पुढे कित्येक वर्षं सोडत नव्हता. फॅसिझमविरुद्ध उभं राहणं चूक नव्हतं. आपल्या लोकांना त्या क्षणी काय हवंय हे ठरवताना भलत्याच गावचं घड्याळ बघितलं, ही खरी अडचण.

मग आपण काय घ्यायचं?

१९५६ मध्ये ख्रुश्चॉव्हने स्टालिनच्या गुन्ह्यांची कबुली दिली. त्याच वर्षी रोझ निर्दोष असल्याचं मान्य झालं, मरणानंतर १९ वर्षांनी. हॅरी त्याच वसंतात प्रकृतीचं कारण देऊन सरचिटणीसपदावरून दूर झाला. पुढे हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा हजारो सभासदांनी पक्ष सोडला. हॅरी राहिला. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परतताना जहाजावरच तो गेला.

त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आंधळा म्हणणंही सोपं आहे, पण १९३९ मध्ये त्याला बहुतेकांपेक्षा स्पष्ट दिसत होतं. तो एका जागी अडकला होता : मत त्याचं होतं, पण ते मत मांडायचा अधिकार त्याने आधीच दुसऱ्याच्या हाती देऊन टाकला होता. १९२९ ला खुर्ची घेताना, १९३७ ला रोझबद्दल गप्प बसताना तो थोडा थोडा देऊन झाला होता. १९३९ मध्ये तो परत मागायला गेला, तेव्हा उशीर झाला होता.

तुम्ही संघटनेत जाऊच नका, असं म्हणायचा इथे अजिबात हेतू नाही. उलट, जा. एकट्याने ‘जॉली जॉर्ज’ थांबत नाही. शिस्त लागतेच, आणि निर्णय झाल्यावर एकत्र उभं राहणंही लागतं. फक्त आत जाताना दोन गोष्टी बघा. इथे ‘वर’ म्हणजे नेमकं कोण? आणि त्या ‘वर’ला प्रश्न विचारायची सोय आहे का?

आणखी एक. ऑक्टोबर १९३९ च्या त्या बैठकीतलं प्रत्येक भाषण कुणीतरी शब्दन् शब्द टिपून ठेवलं होतं. १९९० मध्ये त्याचं पुस्तक निघालं. म्हणून आज आपल्याला कळतं की सगळे एका सुरात बोलले नव्हते, तिघांनी विरोधात मत दिलं होतं आणि का दिलं होतं. तुमच्या संघटनेची पुढची बैठक होईल तेव्हा इतिवृत्त कोण लिहितंय ते बघा, आणि हरलेल्या बाजूचं म्हणणं त्यात उतरतंय ना, हेही. उतरत नसेल, तर ती वही तुम्ही मागून घ्या.